दोन रुमाल

व्यापारी घरातला मुलगा वडिलांकडून सर्वांत आधी काय शिकतो, असे विचारले तर कोणी हिशेब म्हणेल, कोणी वजनमाप म्हणेल, कोणी गिऱ्हाइकाशी बोलण्याची रीत सांगेल. खरे पाहता या सर्वांच्या आधीच त्याचे शिक्षण सुरू झालेले असते. सकाळी पेढीवर निघताना वडील खिशात काय काय घालतात, हे तो उंबऱ्याशी उभा राहून न्याहाळत असतो. चष्मा, पेन, किल्ल्यांचा जुडगा, चार घड्या घातलेला रुमाल. त्या वस्तू पुढे बदलतात, पण त्या घालणाऱ्या हाताची सवय मुलाच्या हातात उतरते ती कायमची.

अमेरिकेतील अपर नायॅक नावाच्या एका लहानशा गावात, एका रविवारच्या सकाळी, असाच एक मुलगा वडिलांना पाहत होता. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, हडसन नदीच्या पश्चिम तीरावर हे गाव वसले आहे. सारे घर चर्चला निघण्याच्या तयारीत होते. मुलाचे वय सहा-सात वर्षांचे. वडिलांनी कोटाच्या वरच्या खिशात पांढरा रुमाल नीट खोचला, हे त्याने पाहिले. आपल्यालाही तसाच हवा, असा त्याचा भाव वडिलांनी ओळखला. त्यांनी त्याच्या छोट्या कोटाच्या खिशात एक पांढरा रुमाल घातला आणि दुसरा, नक्षीचा लाल रुमाल त्याच्या विजारीच्या मागच्या खिशात ठेवला. पांढरा शोभेसाठी, लाल कामासाठी, असा त्याचा खुलासाही केला. वडिलांच्या स्वतःच्या मागच्या खिशात असाच एक निळा रुमाल नेहमी असे.

आपल्याकडे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे दात वेगळे, असे म्हणतात ते दोष दाखवण्यासाठी. या घरात मात्र त्याच भेदाचा सरळ, निर्मळ अर्थ मुलाला मिळाला. समाजात वावरताना नीटनेटके असावे, त्यात काही गैर नाही. पण प्रसंगी उपयोगी पडेल असे काहीतरी माणसाने, लोकांना दिसणार नाही अशा जागी, सदैव जवळ बाळगावे.

त्या वडिलांचे नाव जेफरसन क्राउदर. मुलाचे नाव वेल्स.

जेफरसन क्राउदर यांचा पोटापाण्याचा उद्योग वेगळा होता. पण गावाच्या दृष्टीने त्यांची आणखी एक ओळख होती. ते गावच्या एम्पायर हुक अँड लॅडर कंपनीचे स्वयंसेवक अग्निशामक होते. येथे कंपनी या शब्दाने भांडवल, भागीदार आणि नफा डोळ्यांसमोर आणू नये. ही कंपनी म्हणजे आग विझवण्यासाठी एकत्र आलेल्या गावकऱ्यांची मंडळी. हुक म्हणजे लांब दांड्याची आकडी आणि लॅडर म्हणजे शिडी. पूर्वीच्या काळी जळते छप्पर किंवा भिंत आकडीने ओढून पाडीत, म्हणजे शेजारच्या घराला ज्वाळा लागत नसत. शिडीने वरच्या मजल्यावर अडकलेल्या माणसांना खाली आणीत. अशा मंडळींची ती जुनी नावे आजही टिकून आहेत.

या प्रथेचा उगम व्यापाऱ्यांना आपलासा वाटावा असाच आहे. १७३६ साली फिलाडेल्फिया शहरात बेंजामिन फ्रँकलिन यांनी ‘युनियन फायर कंपनी’ स्थापन केली. प्रत्येक सभासदाने चामड्याच्या बादल्या आणि मजबूत थैल्या कायम तयार ठेवाव्यात, असा तिचा नियम होता. बादल्या पाण्यासाठी आणि थैल्या जळत्या घरातील चीजवस्तू सुरक्षित बाहेर काढण्यासाठी. महिन्यातून एकदा सभा भरे. सभेला जो येणार नाही त्याने दंड भरावा आणि त्या पैशांतून साधने विकत घ्यावीत, अशी व्यवस्था होती. आज याच्या दारी, उद्या त्याच्या दारी. आग कोणाचे घर विचारून येत नाही, हे जाणणाऱ्या गृहस्थांनी केलेला तो परस्पर करार होता. अमेरिकेत आजही दर तीन अग्निशामकांपैकी सुमारे दोन जण असे स्वयंसेवक असतात. कोणी सुतार, कोणी शिक्षक, कोणी दुकानदार. गावाचे रक्षण करणाऱ्यांना गावच पुरवते.

वर्षानुवर्षे हे काम करणे म्हणजे काय, याची कल्पना बाहेरच्याला सहज येत नाही. आग विझवणे हा त्यातला थोडा भाग. अधिक वेळ जातो तो नळ्या वाळवण्यात, शिड्या तपासण्यात, बंब धुण्यात, पुन्हा पुन्हा सराव करण्यात. इशारा झाला की ताटावरून उठावे लागते. मध्यरात्री उबदार अंथरूण सोडावे लागते. पुष्कळदा धावत जाऊन पाहावे तर कोणाच्या स्वयंपाकघरात नुसता धूर झालेला असतो. तरीही पुढच्या हाकेला तितक्याच वेगाने निघावे लागते, कारण ती हाक कशाची असेल हे आधी कळत नाही. या सगळ्याचा मोबदला पैशांत मिळत नाही. आणि जो उठून जातो त्याच्याइतकाच, त्याचे ताट झाकून ठेवून दाराकडे कान लावून बसणाराही या सेवेत सहभागी असतो. अशा माणसाची पत्नी आणि मुले यांची नावे कोणत्याही हजेरीपटावर नसतात, पण हजेरी त्यांचीही लागलेली असते.

घरातला कर्ता पुरुष हाकेसरशी आगीकडे धावतो, तेव्हा जवळच्या माणसांच्या मनात एक प्रश्न उभा राहतोच. बायकामुलांच्या माणसाने ही जोखीम घ्यावी का? आपल्याकडील घरांतही मुलांना बहुधा सावधपणाच शिकवला जातो. नसती उठाठेव करू नये, आपले काम बरे आणि आपण बरे. ही शिकवण चुकीची आहे असे नाही. कष्टाने उभे केलेले घर आणि पेढी सांभाळणाऱ्यांच्या अनुभवातून ती आली आहे. पण ज्या गावात प्रत्येक जण असाच विचार करील, त्या गावात आपल्या घराला आग लागली तर कोण येईल, याचे उत्तर त्या शिकवणीत नाही. जेफरसन क्राउदर यांच्या घरात संसार आणि सेवा ही दोन वेगळी खाती नव्हती. मुलगा लहानपणापासून वडिलांबरोबर बंबाजवळ वावरला. बंबाची धुलाई-पुसाई करताना त्याचेही हात लागले. कोणते काम थोर आणि कोणते हलके, हे त्याला कोणी सांगितले नाही. वडील कशासाठी वेळ काढतात, हे त्याने पाहिले.

वेल्सचा जन्म १७ मे १९७७ चा. सोळाव्या वर्षी तो त्याच कंपनीचा कनिष्ठ सदस्य झाला. वडिलांच्या मंडळीत मुलाचे नाव दाखल झाले. पेढीच्या पाटीवर ‘आणि सन्स’ ही अक्षरे रंगवली जातात तेव्हा व्यापारी पित्याला जे समाधान होते, त्याच जातीचे हे समाधान. मात्र या वारशात मिळकत नव्हती, केवळ कर्तव्य होते. तेथे तो रीतसर शिकला. धुराने भरलेल्या खोलीत कसे जावे, घाबरलेल्या माणसाशी कोणत्या आवाजात बोलावे, जखमीला खांद्यावर कसे घ्यावे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आधी कोणाकडे लक्ष द्यावे.

पुढे तो बोस्टन कॉलेजमध्ये गेला. लॅक्रोस या खेळात १९ क्रमांकाचा अंगरखा घालून तो मैदानात उतरे. शिरस्त्राणाखाली डोक्याला तोच लाल रुमाल बांधलेला असे. १९९९ साली पदवी घेऊन तो न्यूयॉर्कला आला आणि सँडलर ओनील या गुंतवणूक पेढीत शेअरच्या व्यवहारात रुजू झाला. जागतिक व्यापार केंद्राच्या दक्षिण मनोऱ्यात, १०४व्या मजल्यावर तिची कचेरी होती. तरुण वय, उत्तम वेतन, जगातल्या सर्वांत मोठ्या बाजाराच्या मध्यभागी बसण्याची जागा. आपल्याकडील कोणत्याही बापाने अभिमानाने चार जणांत सांगावे असे ते स्थान होते.

पण मुलाचे मन तेथे रमले नव्हते. हे सारे सोडून न्यूयॉर्क शहराच्या अग्निशमन दलात जावे, असे त्याला वाटू लागले होते आणि आपला हा विचार त्याने वडिलांना बोलून दाखवला होता. त्या दलात भरती होण्यासाठीचा अर्ज त्याने भरायला घेतला होता. तो अर्धवट भरलेला अर्ज पुढे त्याच्या खोलीत घरच्यांना सापडला.

११ सप्टेंबर २००१, मंगळवार. सकाळी ९ वाजून ३ मिनिटांनी दक्षिण मनोऱ्याच्या ७७ ते ८५ या मजल्यांवर विमान आदळले. विमानाच्या पंखाचे टोक ७८व्या मजल्यावर घुसले. त्या मजल्यावर लिफ्ट बदलण्याचा मोठा कक्ष होता आणि खाली जाण्यासाठी निघालेल्या माणसांची तेथे गर्दी झालेली होती. क्षणात तेथे अंधार, धूर आणि आक्रोश उरला. इमारतीच्या तीन जिन्यांपैकी एकच जिना कसाबसा जाण्याजोगा राहिला होता. पण धुरात तो कोठे आहे हेच बहुतेकांना ठाऊक नव्हते.

९ वाजून १२ मिनिटांनी वेल्सने आईला दूरध्वनी केला. तिची भेट झाली नाही, म्हणून त्याने निरोप ठेवला. आपण सुखरूप आहोत, एवढेच त्याला आईला कळवायचे होते. घराशी झालेले त्याचे ते शेवटचे बोलणे.

त्यानंतर काय घडले, हे त्या मजल्यावरून वाचलेल्यांनी सांगितले म्हणून जगाला कळले. धुरातून एक तरुण पुढे आला. नाकातोंडावर त्याने लाल रुमाल बांधला होता. ज्यांना उभे राहता येत असेल त्यांनी उभे राहावे आणि ज्यांना दुसऱ्याला मदत करता येत असेल त्यांनी ती करावी, असे त्याने शांत आणि ठाम आवाजात सर्वांना सांगितले. त्याने जिन्याची वाट दाखवली. एका जखमी स्त्रीला पाठीवर घेतले. सतरा मजले खाली, ६१व्या मजल्यापर्यंत तो त्यांना घेऊन आला. तेथे धूर विरळ होता. पुढे आपापले खाली जाण्यास सांगून त्याने पाठीवरचे ओझे उतरवले, आणि तो पुन्हा वर गेला.

येथे वाचणाऱ्याने क्षणभर थांबावे. ६१व्या मजल्यावर तो सुरक्षित वाटेवर उभा होता. खाली जाणारा जिना समोर होता. एका स्त्रीला त्याने पाठीवरून आणले होते, इतरांना मार्ग दाखवला होता. त्याहून अधिक अपेक्षा कोणीही केली नसती. घरी आई होती, वडील होते, दोन बहिणी होत्या. खाली उतरला असता तर त्याला कोणीही दोष दिला नसता. तरीही तो वर गेला आणि आणखी काही जणांना घेऊन पुन्हा खाली आला. विमान आदळलेल्या मजल्यांवरून आणि त्यांच्या वरून त्या मनोऱ्यातील अवघी १८ माणसे जिवंत बाहेर पडू शकली. किमान १० जणांच्या सुटकेचे श्रेय वेल्सला दिले जाते.

९ वाजून ५९ मिनिटांनी मनोरा कोसळला. सँडलर ओनीलचे ६६ कर्मचारी त्या दिवशी गेले. शहराच्या अग्निशमन दलाचे ३४३ जवान गेले.

अपर नायॅकमधील घराला मात्र यांतले काहीच ठाऊक नव्हते. सुखरूप असल्याचा एक निरोप आणि त्यानंतरचे मौन, एवढेच त्यांच्याजवळ होते. दिवस गेले, महिने गेले. १९ मार्च २००२ रोजी वेल्सचा देह सापडला. तो वरच्या मजल्यांच्या ढिगाऱ्यात नव्हता. मनोऱ्याच्या तळमजल्याच्या जागी, अग्निशामकांच्या देहांसमवेत होता. म्हणजे तो अगदी तळाशी पोहोचलेला होता. मग तो बाहेर का पडला नाही, या प्रश्नाचे उत्तर घरच्यांना अजून मिळायचे होते.

ते उत्तर वर्तमानपत्रातून आले. मे २००२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्या मनोऱ्यांतील अखेरच्या मिनिटांचा एक दीर्घ वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात एका वाचलेल्या स्त्रीने एका अनोळखी तरुणाविषयी सांगितले होते. त्याचे नाव तिला ठाऊक नव्हते. त्याच्या तोंडावर लाल रुमाल होता, एवढेच तिला आठवत होते. वेल्सची आई ॲलिसन यांनी तो मजकूर वाचला. हजारो लोकांनी तो वाचला असेल. पण त्या एका शब्दापाशी थांबायचे ते आईनेच. तिने मुलाची छायाचित्रे वाचलेल्यांकडे पाठवली. तोच हा, असे त्यांनी ओळखले.

रविवारच्या सकाळी बापाने सहज दिलेली एक वस्तू. किंमत काय, तर काही नाण्यांची. तिनेच धुरात मुलाला श्वास दिला आणि तिनेच पुढे आईवडिलांना मुलाची शेवटची तासाभराची हकिगत परत दिली. तो रुमाल नसता तर वाचलेल्या माणसांजवळ उपकारकर्त्याची खूण राहिली नसती आणि घरच्यांजवळ केवळ मौन उरले असते.

पुढे सन्मान झाले. डिसेंबर २००६ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या अग्निशमन दलाने वेल्सला मरणोत्तर आपला मानद सदस्य करून घेतले. अर्ज अपुरा राहिला होता. दलाने तो आपल्या रीतीने पुरा केला. मे २०१४ मध्ये ११ सप्टेंबरच्या स्मृतिसंग्रहालयाच्या समर्पण सोहळ्यात राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी लाल रुमालातल्या तरुणाची कथा सांगितली. त्याच व्यासपीठावर वेल्सची आई आणि त्याने वाचवलेली एक स्त्री शेजारी शेजारी उभ्या होत्या. त्याचा एक लाल रुमाल त्या संग्रहालयात आहे. घरच्यांनी त्याच्या नावे न्यास स्थापन केला आणि त्यातून तरुण विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या.

हे सर्व खरे असले तरी व्यापारी माणूस हिशेब मांडल्याशिवाय राहत नाही, आणि मांडावाही. एका बाजूला दहा किंवा अधिक घरे, जेथे त्या रात्री आई परतली, पत्नी परतली, मुलगी परतली. दुसऱ्या बाजूला एक घर, जेथे चोवीस वर्षांचा मुलगा परतला नाही. दहाच्या खात्यातून एक वजा केला म्हणजे बाकी जमेची निघते. पण ज्या घरातून तो एक वजा झाला, त्या घराला ही वजाबाकी सांगायची कोणी? वडिलांनी मुलाला आगीकडे पाठ फिरवायला शिकवले असते तर तो कदाचित वाचला असता. ही गोष्ट सन्मानचिन्हांनी झाकता येत नाही, आणि झाकूही नये. चांगले संस्कार फुकट मिळतात असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्यांची किंमत असते, ती कधी कधी फार मोठी असते, आणि ती कोणाला चुकवावी लागेल हे संस्कार देताना ठाऊक नसते.

तरीही कोणता बाप असे म्हणेल, की मुलाला पाठ फिरवण्याचे शिक्षण द्यायला हवे होते? कारण ते शिक्षण एका प्रसंगापुरते राहत नाही. जो परक्याच्या आक्रोशाकडे पाठ फिरवायला शिकतो, त्याची तीच सवय एके दिवशी घरातल्यांच्या वाट्याला येते. आणि जो ताटावरून उठून शेजाऱ्याच्या घराकडे धावतो, तो आपल्या घरावर कमी प्रेम करतो असे मुळीच नाही. आपले घर त्याला इतके प्रिय असते, की दुसऱ्याचे घर म्हणजे काय हे त्याला सांगावे लागत नाही.

जेफरसन क्राउदर यांच्यासारखी माणसे गावोगावी असतात. त्यांच्या कित्येक वर्षांच्या सेवेत एकही दिवस इतिहासात नोंदला जात नाही. ती उठतात, जातात, परत येतात, झाकून ठेवलेले ताट पुढे ओढतात आणि सकाळी आपल्या कामाला लागतात. मुलाच्या नावाने जग वडिलांना ओळखू लागले, हे क्वचित घडले. पण त्या मुलाने ७८व्या मजल्यावर जे केले, त्याची सुरुवात त्या मजल्यावर झाली नव्हती. ती बंब पुसताना झाली होती, शिडी उचलताना झाली होती, ताटावरून उठणारे वडील पाहताना झाली होती.

पेढीची किल्ली मुलाच्या हाती कधी द्यावी, याचा विचार प्रत्येक घरात होतो. मुहूर्त पाहिला जातो, वडीलधाऱ्यांचा सल्ला घेतला जातो. पण त्याच्या कितीतरी आधी, एका साध्या सकाळी, मुलगा उंबऱ्याशी उभा राहून वडिलांचे खिसे पाहत असतो. वरच्या खिशात जे आहे ते त्याला दिसतेच. मागच्या खिशात काय आहे, हेही तो पाहून घेतो.